'योग्य ती कार्यवाही'च्या पलीकडे

विशेष प्रतिनिधी

महापालिकेच्या कोणत्याही क्षेत्रीय कार्यालयातील आवक-जावक विभागात तासभर थांबून आलेली निवेदने चाळली, तर बहुतेकांचा शेवट एकाच वाक्याने झालेला आढळेल: 'तरी याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' त्याच कार्यालयातून बाहेर पडणारी उत्तरे चाळली, तर तेथेही एक ठरलेले वाक्य भेटेल: 'आपला अर्ज पुढील उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' कोणती कार्यवाही योग्य, हे नागरिक सांगत नाही. कोणती उचित, हे कार्यालय सांगत नाही. दोन्ही बाजूंचा शिष्टाचार पाळला जातो, नस्तीत दोन कागदांची भर पडते आणि रस्त्यावरचा खड्डा आहे तेथेच राहतो.

हा विषय आज मांडण्याचे कारण आहे. राज्यातील २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी निकाल लागले. त्याआधी डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका पार पडल्या होत्या. प्रदीर्घ काळ लोकप्रतिनिधींविना चाललेल्या शहरांना पुन्हा नगरसेवक मिळाले. निवडणुका कोणी जिंकल्या, कोणाची गणिते चुकली, याची चर्चा पुष्कळ झाली. तथापि या नगरसेवकांशी नागरिकांनी बोलायचे काय, कोणत्या भाषेत आणि कोणत्या वेळी, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. वस्तुतः पुढील पाच वर्षांचा कारभार बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहणार आहे.

मोडलेली सवय

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. पुण्याची त्यानंतर आठवडाभराने संपली. नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली येथील नगरसेवक तर २०२० मध्येच माजी झाले होते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे घटनेचे कलम २४३-यू सांगते. परंतु प्रारंभी करोना, नंतर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेतील फेरबदल यांत निवडणुका लांबत गेल्या. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नंतर ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढविली.

या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव मांडणारा अधिकारी आणि त्यावर सभागृहाच्या व स्थायी समितीच्या वतीने मंजुरीची मोहोर उमटविणारा अधिकारी एकच. मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक २०२३-२४ मध्ये सुमारे ५२ हजार ६१९ कोटी रुपयांचे होते. २०२५-२६ मध्ये ते ७४ हजार ४२७ कोटींवर गेले. देशातील या सर्वांत श्रीमंत महापालिकेची अशी तीन अंदाजपत्रके एकाही निवडून आलेल्या सदस्याच्या चर्चेविना मंजूर झाली. त्यांतील खर्च चुकीचा होता, असे सरसकट म्हणता येणार नाही. मात्र तो योग्य होता की नाही, हे सभागृहात उभे राहून विचारणारे कोणी नव्हते, ही वस्तुस्थिती आहे.

या काळाने आणखी एक नुकसान केले आणि ते आकड्यांत मोजता येत नाही. नागरिकांची सवय मोडली. ज्यांच्या ओळखी होत्या ते थेट अधिकाऱ्यांकडे गेले. ज्यांच्याकडे समाजमाध्यमांची हत्यारे होती त्यांनी छायाचित्रे टाकून महापालिकेला जागे केले. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते, त्यांनी माजी नगरसेवकाच्या कार्यालयाची पायरी झिजवली. तो बिचारा 'आता माझ्या हातात काही नाही' असे सांगे आणि ते खरेही होते. आठवड्यातून दोनदा टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला ई-मेल पाठवून दाद मागता येत नाही. तिच्यासाठी नगरसेवक हाच महापालिकेचा दरवाजा असतो. तो चार ते सहा वर्षे बंद होता. आता उघडला आहे. पण त्यातून आत काय न्यायचे, याचा विसर पडलेला दिसतो.

तक्रार खिडकी की सभागृहाचा सदस्य?

मूळ घोटाळा नगरसेवक या पदाविषयीच्या आपल्या कल्पनेत आहे. गटार तुंबले, दिवा बंद पडला, कचऱ्याची गाडी आली नाही, की नगरसेवकाला फोन करावा, अशी आपली रीत आहे. वास्तविक कायद्याने यांपैकी एकही काम करण्याचा अधिकार नगरसेवकाकडे नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ असो वा उर्वरित शहरांना लागू असलेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ असो, दोन्ही कायद्यांत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. नगरसेवक कनिष्ठ अभियंत्याला फोन करतो आणि काम होते, ते वजनामुळे होते, कायद्यामुळे नव्हे. ज्याचे वजन कमी, त्याच्या प्रभागातले गटार तुंबलेलेच राहते.

कायद्याने नगरसेवकाला दिलेले अधिकार वेगळेच आहेत आणि ते अधिक मोलाचे आहेत. तो आयुक्तांना लेखी प्रश्न विचारू शकतो. सभागृहात ठराव मांडू शकतो. अंदाजपत्रकात तरतूद सुचवू शकतो, दुरुस्ती मागू शकतो. स्थायी समितीत असेल, तर निविदा का वाढीव दराने आली, मुदतवाढ कशासाठी, हे विचारल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ न देण्याचा प्रयत्न करू शकतो. एका गल्लीतील दिवा लावणे आणि शहरातील दिव्यांच्या देखभालीच्या कंत्राटात दंडाची अट घालायला लावणे, यांत जो फरक आहे तोच फरक तक्रार खिडकी आणि लोकप्रतिनिधी यांत आहे.

परंतु सभागृहात प्रत्यक्षात काय होत होते? मुंबईतील नगरसेवकांच्या कामगिरीचा अभ्यास करणाऱ्या प्रजा फाउंडेशनच्या अहवालांनी, २०२२ पूर्वीच्या वर्षांत, एक बाब वारंवार पुढे आणली होती. नगरसेवकांनी विचारलेल्या प्रश्नांत रस्ते व चौकांच्या नामकरणाच्या प्रश्नांचा वाटा लक्षणीय होता. या निष्कर्षावर हसणे सोपे आहे. पण त्यासाठी केवळ नगरसेवकांना दोषी धरणे न्याय्य नाही. त्यांच्या कार्यालयात येणारा माणूस कधी तरी पाण्याच्या गळतीविषयीचा प्रश्न घेऊन येतो काय? तो गळती घेऊन येतो. फोन केला, प्लंबर आला, माणूस खूश झाला, मत पक्के झाले. गळती शहरभर का होते, हा प्रश्न कोणीच आणला नाही. म्हणून तो सभागृहातही गेला नाही.

तेव्हा पहिला बदल येथेच हवा. साधी तक्रार महापालिकेच्या तक्रार यंत्रणेत नोंदवावी, तिचा क्रमांक जपून ठेवावा. एकच तक्रार पुन्हा पुन्हा नोंदवावी लागली, की त्या क्रमांकांची यादी घेऊन नगरसेवकाकडे जावे आणि सांगावे, 'या आठ तक्रारी आठ महिन्यांतल्या आहेत. याबाबत सभागृहात प्रश्न विचारा.' प्रश्न विचारला गेला, की प्रशासनाला लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते सभागृहाच्या दप्तरात राहते. फोनवरचे आश्वासन कोठेच राहत नाही.

चौघांपैकी कोणाकडे?

मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येक प्रभागाला एक नगरसेवक आहे. त्यामुळे कोणाला जाब विचारायचा, हे तेथे स्पष्ट असते. इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून दिले जातात. म्हणजे बहुतेक प्रभागांत चार. मतदाराने चार मते दिली आणि त्याला चार प्रतिनिधी मिळाले. व्यवहारात मात्र 'तो भाग माझ्याकडे नाही, अमक्यांकडे आहे' असे उत्तर मिळते. नगरसेवक आपापसांत प्रभागाची तोंडी वाटणी करून घेतात. कायद्यात अशा वाटणीला काहीही आधार नाही. प्रभागातील प्रत्येक सदस्य संपूर्ण प्रभागाचा प्रतिनिधी असतो.

यावर उपाय साधा आहे. निवेदन चारही सदस्यांच्या नावे लिहावे, चौघांची नावे एकाच कागदावर असावीत आणि चौघांकडून स्वतंत्र पोच घ्यावी. सदस्य वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर उत्तमच. आपल्याआधी दुसऱ्याने प्रश्न विचारून श्रेय घेऊ नये, ही भावना कित्येकदा नागरिकांच्या उपयोगी पडते.

आणखी एक खातरजमा आधी करावी लागते. ज्या विषयाची मागणी आहे तो महापालिकेच्या अखत्यारीत आहे काय? मुंबईतील रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, एमएमआरडीएचा वा रस्ते विकास महामंडळाचा असू शकतो. जमीन म्हाडाची, रेल्वेची वा जिल्हाधिकाऱ्यांची असू शकते. एका शहरात वार्तांकन करताना प्रस्तुत प्रतिनिधीने पाहिलेले उदाहरण बोलके आहे. पदपथासाठी एका वसाहतीने तीन वर्षे अर्ज केले. प्रत्येक अर्ज 'वर्ग' होत गेला. चौथ्या वर्षी कोणी तरी मालकीची नोंद पाहिली, तेव्हा तो रस्ता महापालिकेकडे हस्तांतरितच झाला नसल्याचे आढळले. तीन वर्षांत हे वाक्य एकाही उत्तरात लिहिलेले नव्हते. पण ते एकाही अर्जात विचारलेलेही नव्हते.

निवेदनाची भाषा

मराठीत निवेदन लिहिण्याची एक परंपरा आहे आणि ती दरखास्तीची आहे. सुरुवात 'आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी आपणांस नम्र विनंती करतो की' अशी होते. मग तीन परिच्छेद हालअपेष्टांचे, एक परिच्छेद आंदोलनाच्या इशाऱ्याचा आणि शेवटी 'योग्य ती कार्यवाही'. या पत्रात दुःख असते, संताप असतो, मागणी नसते. एका पानावर पाणी, भटकी कुत्री, बाग आणि फेरीवाले असे चार विषय असतील, तर ते पत्र चार खात्यांचे होते आणि म्हणूनच कोणत्याच खात्याचे राहत नाही.

उपयोगी पडणारे निवेदन आकाराने लहान असते. त्यात विषय एकच असतो. ठिकाण नेमके असते: 'आमच्या परिसरातील रस्ता' असे न लिहिता कोणत्या चौकापासून कोणत्या इमारतीपर्यंत, हे लिहिलेले असते. काय घडले आहे, हे तारखांसह असते. पूर्वीच्या तक्रारींचे क्रमांक असतात. मागणी क्रियापदासह असते: अमुक लांबीच्या जलवाहिनीसाठी पूर्वगणनपत्रक तयार करावे, पुढील अंदाजपत्रकात तरतूद सुचवावी, सभागृहात अमुक प्रश्न विचारावा, संयुक्त पाहणीची तारीख कळवावी. आणि शेवटी उत्तर केव्हापर्यंत अपेक्षित आहे, हेही असते. 'कार्यवाही व्हावी' या वाक्यात कर्ता हरवतो. ज्या पत्रात कर्ता नाही त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

पत्र दिल्यावर त्याच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये. व्हॉट्सॲपवरील 'पाहतो' हा शब्द म्हणजे पोच नव्हे. पुढच्या भेटीत नव्याने गाऱ्हाणे सांगण्याऐवजी केवळ तो क्रमांक सांगावा. सरकारी कार्यालयात माणसाची ओळख बदलीबरोबर पुसली जाते, कागदाची ओळख राहते.

शिष्टमंडळ नेतानाही हेच पथ्य आहे. तीस जण जाऊन तिघे एकाच वेळी बोलण्यापेक्षा तिघांनी जावे, एकाने बोलावे, दुसऱ्याने टिपून घ्यावे. भेट संपल्यावर त्याच दिवशी 'आज झालेल्या चर्चेनुसार आपण अमुक मान्य केले' असे दोन ओळींचे पत्र पाठवावे. त्या पत्राला आक्षेप आला नाही, तर पुढे ते पत्र हाच पुरावा असतो.

वेळेचे गणित

नेमकी मागणी नेमक्या शब्दांत केली, तरी ती अवेळी केली तर उपयोग नाही. महापालिकेचे आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होते. त्याचे अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत आयुक्त स्थायी समितीला सादर करतात. समिती त्यात बदल करते, सभागृहात चर्चा होते आणि मार्चअखेर मंजुरी मिळते. पण खात्यांकडून कामांच्या याद्या मागविण्याचे काम त्याआधी कित्येक महिने सुरू झालेले असते. एप्रिलमध्ये 'आमच्याकडे नाला बांधा' असे निवेदन देणाऱ्याला 'तरतूद नाही' हे उत्तर मिळते. ते खोटे नसते. त्याची गाडी आठ महिन्यांपूर्वी सुटलेली असते.

पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, दिवे, बसथांब्यावरील बाके, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी स्थानिक कामे नागरिकांनी अर्जाद्वारे सुचवायची आणि प्रत्येक कामासाठी पाच लाख रुपयांपर्यंतची मर्यादा, असे तिचे स्वरूप होते. अर्ज पावसाळ्याच्या अखेरीस मागविले जात. मोठ्या शहराच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे आणि सुचविलेली सर्व कामे होतातच असेही नाही. तरीही या पद्धतीने एक धडा दिला: अंदाजपत्रक जाहीर झाल्यावर टीका करण्यापेक्षा ते तयार होत असताना अर्ज करणे अधिक फलदायी असते. ज्या महापालिकेत अशी सोय नाही, तेथील नागरिकांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच नगरसेवकाकडे यादी द्यावी. पुण्यात नगरसेवकांनी सुचविलेल्या कामांची 'स' यादी म्हणून ओळखली जाणारी यादीच असते. तिच्यात आपल्या प्रभागासाठी काय लिहिले गेले, हे विचारण्याचा हक्क मतदारांना आहे.

अंदाजपत्रक मंजूर झाले म्हणजे काम झाले, असेही नाही. वर्षभरात 'वर्गीकरण' नावाचा एक प्रकार चालतो. एका कामासाठी ठेवलेला निधी दुसऱ्या कामाकडे वळविला जातो. दवाखान्याच्या तरतुदीतून प्रवेशद्वाराची कमान उभी राहते, ती अशी. वर्गीकरणाचे प्रस्ताव समितीच्या विषयपत्रिकेवर येतात, चर्चेविना मंजूर होतात आणि इतिवृत्तात एका ओळीत विसावतात. विषयपत्रिका आणि इतिवृत्त हे दोन कागद दर महिन्याला वाचणारे पाच-दहा नागरिक प्रत्येक प्रभागात असते, तर अनेक कमानी उभ्या राहिल्या नसत्या.

नकाशा वाचणारे मुंबईकर

नागरिकांच्या लेखी हरकतींनी प्रशासनाला मागे फिरावे लागल्याचे एक ठळक उदाहरण मुंबईचे आहे. शहराच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचे काम सुरू झाले, तेव्हा प्रथम जमिनीच्या विद्यमान वापराचे नकाशे तयार झाले. अनेक वस्त्यांतील नागरिक आणि स्वयंसेवी संघटना हे नकाशे घेऊन बसल्या. जेथे शाळा आहे तेथे शाळा दिसते काय, मैदान आहे तेथे मैदान आहे काय, हे त्यांनी पडताळले आणि चुका महापालिकेच्या नजरेस आणून दिल्या. 'हमारा शहर विकास नियोजन अभियान'सारख्या मंचाने झोपडपट्ट्यांतील रहिवाशांनाही या प्रक्रियेत आणले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा या तयारीचा उपयोग झाला. वारसा वास्तूंच्या नोंदीतील चुका, रस्त्यांच्या आखणीतील विसंगती, आरे वसाहतीतील हरित पट्टा विकासासाठी खुला करण्याचा प्रस्ताव, वाढीव चटईक्षेत्र, अशा अनेक मुद्द्यांवर ५० हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल झाल्या. सर्वपक्षीय नगरसेवकांनीही आवाज उठविला. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा दुरुस्त करून नव्याने प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे फेररचनेचे काम सोपविण्यात आले आणि सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले. आराखड्याला शासनाची अंतिम मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. अंतिम आराखडा निर्दोष होता, असा दावा कोणी करणार नाही. परंतु पहिला आराखडा जसाच्या तसा लागू झाला नाही, हे नाकारता येत नाही.

यातील मर्म संख्येत नाही. छापील नमुन्यावर हजारो सह्या मिळविणे अवघड नसते आणि सुनावणीत अशा अर्जांची बोळवण एका उत्तराने होते. वजन पडते ते 'या नकाशावर या भूखंडावर रस्ता दाखविला आहे. प्रत्यक्षात येथे अमुक साली बांधलेली शाळा आहे. सोबत छायाचित्र व मिळकतीचा उतारा जोडला आहे' अशा हरकतीचे. तिला 'नोंद घेतली' असे म्हणून बाजूला सारणे अधिकाऱ्याला कठीण जाते. नगरसेवकालाही सभागृहात बोलायला भाषण नको असते. असा एक कागद हवा असतो.

हक्क कायद्याचे आणि सोयी आदेशाच्या

असा कागद मिळविण्याचे साधन २००५ पासून आपल्या हाती आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार तो एका विषयापुरता आणि १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही, की पहिले अपील करता येते. पण याच कायद्यात कागदपत्रांचे प्रत्यक्ष अवलोकन करण्याचाही हक्क आहे. त्याचा वापर फार कमी होतो. 'अमुक कामाची संपूर्ण माहिती द्यावी' असे लिहिण्याऐवजी 'अमुक कामाची नस्ती पाहू द्यावी' असे लिहिले, तर अर्धी लढाई जिंकली जाते. कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला काय शेरा मारला, हे नस्तीच्या टिपणीत दिसते.

पुणे महापालिकेने २००९ मध्ये दर सोमवारी ठरावीक वेळेत नागरिकांना नस्ती पाहू देण्याची पद्धत सुरू केली. २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हा कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत अशी सोय करण्याचा आदेश काढला. अशा सोयींविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या आदेशाने येतात आणि आदेशानेच जाऊही शकतात. अवलोकनाचा हक्क मात्र कायद्यातला आहे. 'ती पद्धत आता बंद आहे' असे कोणी सांगितले, तर कायद्याखाली लेखी अर्ज करावा. तो नाकारायचा तर कारण लेखी द्यावे लागते.

महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाबाबतही गैरसमज आहेत. तेथे वैयक्तिक स्वरूपाची तक्रार विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यावी लागते. सार्वजनिक मागण्यांचे निवेदन घेऊन ऐनवेळी तेथे जाणारा हात हलवीत परततो. सार्वजनिक प्रश्नाची जागा सभागृह आणि प्रभाग समिती ही आहे.

शहरांना ग्रामसभा का नाही?

खेड्यातील मतदाराला एक व्यासपीठ कायद्याने मिळाले आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा महाराष्ट्राला परिचित आहेत. त्या पुष्कळ ठिकाणी गणपूर्तीअभावी तहकूब होतात, हे खरे. तरीही गडचिरोलीतील मेंढा-लेखासारख्या गावाने ग्रामसभेच्या बळावर काय साधता येते, हे देशाला दाखविले. शहरातील मतदाराला मात्र मतदानाच्या दिवशी बोट शाईने रंगविले, की पाच वर्षे सरपंचासमोर उभे राहण्याइतकीही जागा उरत नाही.

कायद्यात ती जागा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्रात या समित्यांवर बिगरशासकीय वा समाजाधिष्ठित संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे. अनेक शहरांत या जागा दीर्घकाळ रिक्त राहिल्या, वा राजकीय कार्यकर्त्यांनी भरल्या गेल्या. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेची अट म्हणून २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेचीही तरतूद केली. मतदान केंद्राच्या हद्दीतील सर्व मतदारांची ही सभा. तिचा अध्यक्ष नगरसेवक. तिने आपल्या भागातील कामांचा प्राधान्यक्रम सुचवायचा. कायदा झाला, योजनेचे अनुदान आले. क्षेत्रसभा बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. कोणत्याच पक्षाला तिची घाई नव्हती आणि नागरिकांना ती ठाऊक नव्हती.

दुसरी बाजू

नगरसेवकांची बाजूही ऐकली पाहिजे. सकाळी सातपासून फोन, बारसे ते बारावे अशी हजेरी, दाखल्यांवर सह्या आणि रुग्णालयात खाट मिळवून देण्याची विनवणी, यांत त्यांचा दिवस संपतो. विषयपत्रिकेचे शंभर पानी गठ्ठे सभेच्या तोंडावर हाती पडतात. ते वाचून समजावून सांगणारा सहायक त्यांच्याकडे नसतो. अभ्यास करून प्रश्न विचारणाऱ्या नगरसेवकाला पुढच्या निवडणुकीत त्याचा लाभ होतोच असे नाही. देवदर्शनाच्या सहली काढणाऱ्याला होतो, असा त्यांचा अनुभव आहे. सुशिक्षित वसाहतींतील मतदानाचे प्रमाण पाहता त्यांच्या या तक्रारीत तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. जो प्रश्न विचारीत नाही, मतदानाला जात नाही आणि केवळ व्यवस्थेला नावे ठेवतो, त्याच्यासाठी कोणी रात्र जागून अंदाजपत्रक का वाचावे?

म्हणून चांगल्या नगरसेवकाला बळ देणे हाही संवादाचाच भाग आहे. त्याने सभागृहात प्रश्न विचारला तर त्याची दखल वस्तीच्या सूचना फलकावर घ्यावी. उत्तर आले तर ते सर्वांना वाचून दाखवावे. काम झाले तर ज्या लेखी मागणीमुळे झाले, तिचा उल्लेख करून दोन ओळींचे आभारपत्र द्यावे. केवळ रागाने येणारा नागरिक नगरसेवक टाळतो. जो कागद घेऊन येतो आणि पुन्हा येतो, त्याला टाळणे परवडत नाही.

नव्या सभागृहांची मुदत पाच वर्षांची आहे. प्रशासकांच्या काळात नागरिकांना निदान एक सबब होती: विचारायचे कोणाला? ती सबब १६ जानेवारी २०२६ रोजी संपली. आता निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याला त्याच्या मतदारांनी पहिले पत्र लिहावे आणि त्यात एकच मागणी करावी: आमची क्षेत्रसभा आपण कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी बोलावणार, हे लेखी कळवावे. या पत्राच्या शेवटी 'योग्य ती कार्यवाही' लिहू नये. तारीख मागावी आणि पत्राची पोच जपून ठेवावी.